अण्णाचं विमान आणि न काढलेला केर

डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला मी. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं छडी आपटून सांगणारा मास्तर! अंगात येणं, कौल लावणं असलं काही निघालं की मी तिथून उठून जायचो. त्यामुळे हे लिहायला जरा संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ अण्णा कोलशेतकडच्या एका कारखान्यात होता. तिथून त्याला वर्षभर शिकायला लंडनला धाडलं. जानेवारीतला शनिवार, सकाळी दहाचं विमान. तेव्हा विमानं वाटेत उतरत, तेल भरत जायची. मी शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजलं — सरळ साडेचार हजार मैल, थांबे धरून पाच हजारांच्या वर. वेळ सत्तावीस तास. म्हणजे आपल्या रविवारी दुपारी एकला अण्णा लंडनात. हिशोब चोख!

त्याला सांताक्रूझला सोडून घरी आलो, तर आईने केरसुणी ट्रंकेवर उचलून ठेवलेली. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा तिचा नेम. पुण्याला कुणी गेलं तर चार तासांचा प्रश्न. पण लंडन?

रविवारी एक वाजला. आई तांदूळ निवडत होती.

"पोचला तो. काढ आता केर."

"नाही रे, नाही पोचला."

"तुला काय तार आली?"

"मग तुला आलीय का, मास्तर?"

तार खरंच नव्हती. सोमवारी सकाळीही नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत रजा टाकून घरीच बसलो. पायाखाली शेंगांची टरफलं, राख, नुसती कचकच. शेवटी वैतागून मीच केरसुणी उचलली. आईने ती हातातून हिसकावून घेतली.

"खबरदार! माझं पोर अजून वाटेत आहे."

एवढं रागावलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मी घाबरलो.

दुपारी ती भाजी चिरत होती. मध्येच विळी आडवी केली, उठली आणि सरळ केर काढायला लागली. मी घड्याळ पाहिलं — सव्वातीन. "पोचला हो माझा बाळ," एवढंच म्हणाली आणि केर भरता भरता रडली.

मंगळवारी तार आली, सुखरूप पोचल्याची. पत्र दहा दिवसांनी. कैरोला इंजिन बिघडलं, एक दिवस अडकून पडलो, सोमवारी सकाळी पावणेदहाला लंडनला उतरलो... लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बेरीज मी तीनदा केली. सव्वातीन!

"तुला कळलं कसं गं?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? केर काढावासा वाटला, काढला."

पुढे काही वर्षांनी आई गेली. तिला घेऊन निघालो, तेव्हा शेजारच्या काकू रीतीप्रमाणे घर झाडायला पुढे झाल्या. "थांबा," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"किती वेळ थांबायचं, मास्तर?"

अंतरच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मीच उठून केर काढला. नेमका तेव्हाच का? काढावासा वाटला.