वाणातल्या पिवळ्या पिशव्या

हळदीकुंकवाला कुणी परवानगी विचारत नाही, म्हणून आम्ही हळदीकुंकूच करायचं ठरवलं. टीव्हीवर रोज युद्ध, सोसायटीच्या ग्रुपवर रोज 'ठोकून काढा'. एसीत बसून दुसऱ्याच्या पोरांना लढायला पाठवणाऱ्यांचा मला भयंकर संताप येतो. आम्ही काही बायका, त्यात एक सत्तरीच्या आजीही, दर शनिवारी संध्याकाळी जुईनगर स्टेशनबाहेर 'युद्ध नको' असा फलक घेऊन नुसत्या उभ्या राहायचो. अजून बायका जोडायच्या तर बसून बोलायला जागा हवी. सेक्रेटरींनी हॉल नाकारला. म्हणाले, "राजकारण नको, मॅडम." संक्रांतीला त्यांच्याच हातावर तिळगूळ ठेवून मी हळदीकुंकवासाठी हॉल मागितला, लगेच मिळाला! वाण म्हणून पिवळ्या कापडी पिशव्या आणल्या, त्यांवर तेच दोन शब्द छापलेले.

आमच्यातली एक जवळच्या शिरवणे गावात भाड्याने राहते. ती आपल्या घरमालकिणीला घेऊन आली. गळाभर सोनं, आवाज खणखणीत. बाई दाराजवळच बसली आणि कुंकू लावून होतंय न होतंय तोच विचारायला लागली, "तुमी तथं कवा उभ्या रातां? किती जनी? म्होरकी कोन?"

हिच्या दिराची पोलीस चौकीत ऊठबस आहे, हे भाडेकरणीनेच मागे सांगितलं होतं. मी वाण दिलं, पण बोलणं तिळाच्या लाडवांवर नेलं.

दुसऱ्याच दिवशी चौकीतून फोन. "मॅडम, शनिवारी उभं राहायचं नाही. त्या पिवळ्या पिशव्या घेऊन तर अजिबात नाही."

झालं! चुगली कुणी केली यावर वादच नव्हता. पण सगळ्यांची पाचावर धारण बसली. भाडेकरीण रडकुंडीला आली, आता घर खाली करायला लावतील म्हणून. एकीचा नवरा म्हणाला, नसतं टेन्शन नको. एकीच्या घरी ऐन शनिवारी पाहुणे उपटले. मी गेले, पण फलक घरी ठेवून. म्हटलं, ती बया येते का ते तरी बघू.

आली होती. फुलवाल्याच्या बाजूला एकटीच उभी, पिवळी पिशवी छातीशी धरून, अक्षरं लोकांकडे करून. मी तडक जाऊन विचारलं, "पोलिसांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी? अगो बाय, तुमच्यातल्या म्हातारीनंच स्टेटसला फोटो टाकलाय! सगल्यांचे हातान पिशव्या. आख्ख्या गावानं बगलाय."

तिने मोबाईल काढून दाखवला. खरंच की! आम्ही सगळ्या ओळीने हसतोय, वर 'वाण लुटलं' आणि खाली जोडलेले हात. मी कपाळावर हात मारून घेतला.

"आन मना तं तुजाच संशय व्हता," ती म्हणाली. "हॉल तुलाच कसा मिलला? मी कायपन विचारला का तू लाडवांवर जातंस. मी बोल्ले, पोलिसांची बाई ती हीच."

"मग आलात कशाला?"

"माजा पोऱ्या सरहद्दीवर हाय," ती म्हणाली. "तू पोलिसांची हायस का कोनाची, मना काय त्याचा?"

मग तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तुजी पिशवी कुठं हाय गो?"