लसूण नको म्हणणारं गिऱ्हाईक

या ग्रुपवरचे अमानवीय अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आणि वाचते तेही करमणूक म्हणून, हे कबूल करते. प्रत्येकात मनातल्या मनात खोट काढायची – याने वायरिंग तपासलं नसेल, हिची झोप झाली नसेल... आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला जाऊ द्यायचं, एवढंच मानतात. त्यामुळे माझ्यावर ही वेळ आली तेव्हा भीती नाही, चक्क राग आला.

मी पनवेलजवळ विचुंब्याला राहते, नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. काम घरूनच – छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. त्याचे दोन रस्ते. एक म्हणजे सर्चमध्ये पैसे देऊन वर जाहिरात लावायची. बाजारात भाडं भरून दारातली जागा घ्यावी तसं. दुसरा एसईओ, म्हणजे वेबसाइटवर असं काही लिहायचं की ती पैसे न देता आपणहून वर यावी. याला वेळ लागतो. मी दोन्ही एकत्र करते. आधी जाहिरात लावते, लोक नेमके कोणते शब्द टाइप करून येतात ते रिपोर्टमध्ये बघते, आणि त्याच शब्दांवर पेज लिहिते. पेज वर आलं की त्या शब्दांची जाहिरात बंद. यात अमानवीय काय असणार?

हौसाकाकू माझ्या क्लायंट. उरणजवळच्या करंज्याच्या. सुकी मासळी विकतात – सोडे, जवळा, बोंबील, वाकटी. मुलगी लग्न होऊन अलिबागला गेलीय, ती फोनवरून ऑर्डरी सांभाळते. काकू स्वतः महिन्यातून एकदा हिशोब समजून घ्यायला येतात आणि येताना सुकट आणतात, त्यामुळे आमच्या लिफ्टला दोन दिवस त्यांची आठवण असते. सेक्रेटरींनी मला यावरून लेखी सूचना दिलेली आहे.

जाहिरात फक्त पनवेल आणि आसपास दिसेल अशी लावली होती. दर सोमवारी मी रिपोर्ट उघडते. ‘सोडे ऑनलाइन’, ‘सुका जवळा पनवेल’ असे शब्द अपेक्षितच होते. त्या सोमवारी मध्येच एक ओळ दिसली –

वाकटीची चटणी आंबोशी घालून लसूण नको

पाच वेळा सर्च, पाच क्लिक, ऑर्डर शून्य. आता गंमत बघा... एक-दोन माणसांनीच टाइप केलेले शब्द हा रिपोर्ट दाखवतच नाही, लपवतो. म्हणजे ही ओळ मला दिसायलाच नको होती. पण माझं डोकं तिकडे गेलंच नाही. मी पक्की धंदेवाईक. सुक्या मासळीत लसूण नको म्हणणारा माणूस आपलं गिऱ्हाईक नाही, उगाच काकूंचे पैसे जातायत, असं म्हणून मी ते अख्खं वाक्य ‘नकोशा शब्दां’च्या यादीत टाकलं. या यादीतलं काही कुणी शोधलं की आपली जाहिरात दिसत नाही. आमच्या धंद्यात ही रोजची झाडलोट आहे.

पुढच्या सोमवारी तीच ओळ. सात वेळा, सात क्लिक.

सेटिंग तीनदा तपासलं, मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं – सेटिंग बरोबर आहे, हे शब्द ब्लॉक आहेत. मग क्लिक कुठून येतायत? त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. शेवटी वैतागून ठरवलं की एवढा हट्टाने कुणी मागतोय तर त्याच्यासाठी पेजच लिहू. ते वर आलं की फुकटात येऊ दे त्याला. त्यासाठी रेसिपी हवी होती, म्हणून काकूंना बोलावलं.

दुपारी आल्या. चहा दिला आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. “काकू, अशी चटणी असते का हो, बिनलसणाची?”

काकूंनी कप खाली ठेवला. “ह्या तुमाला कोनी सांगितला?”

“कुणी नाही, कुणीतरी शोधतंय.”

मग म्हणाल्या, “आमचे मालक मागायचे. घरी लसून खायचे, होरीवर नाय. पान्यावर लसनाची ढेकर येते, मलमलते म्हनायचे. कैरी सुकवून आंबोशी करायची, ती घालून चटनी, आनि दोन भाकरी. डबा मीच भरायची. पोरीला पन ठावं नाय.”

काकूंचे यजमान चार वर्षांपूर्वी एकटेच होडी घेऊन गेले होते. होडी सापडली, ते सापडले नाहीत. एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

“त्या दिवशी मी घाईत व्हते,” काकू म्हणाल्या, “रोजच्या हातानं लसून परला. त्यांनी डबा उघरून वास घेतला. मी बोलले, खायचा तर खा, नायतर र्‍हाऊ द्या. र्‍हाऊ दिला त्यांनी. डबा वट्यावर तसाच. मानूस उपाशी गेला माजा.”

सांत्वन वगैरे मला जमत नाही, म्हणून मी माझ्या वहीत तोंड घातलं. आधीच्या आठवड्यात हा माणूस रोज किती वाजता साइटवर येतो ते मी उतरवून ठेवलं होतं – सव्वाअकरा, बारा, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. मला त्यात काही सूत्र दिसत नव्हतं. काकूंनी वही ओढून घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ह्ये भरतीचे येल हायत. रोज घटका-दोन घटका फुरं जातान. भरती आली का ते होरी सोरायचे.”

खरंच, रोज पाऊण तास पुढे. मी तिथल्या तिथे त्या तारखांच्या भरतीच्या वेळा काढल्या. पाच-दहा मिनिटांचा फरक, बस.

माझा पहिला संशय त्यांच्या मुलीवर. लाज सोडून तिला फोन केला. ती म्हणाली, “ताई, बाबांना लसूण आवडायचा की! नको कशाला म्हणतील?” आणि अलिबागला तर ती जाहिरात दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू वाकटी आणि आंबोशी घेऊन आल्या. करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाल्या. चार वर्षांत त्यांनी ही चटणी केली नव्हती. माझ्या ओट्यावर केली, हात धुवून, मोजून-मापून, मधूनच पदराने डोळे पुसत. (सेक्रेटरींची दुसरी सूचना.) स्टीलच्या डब्यात चटणी, वर दोन भाकरी. मी फोटो काढला. त्या सांगत गेल्या, मी त्यांच्याच भाषेत टाइप करत गेले. शेवटची ओळही त्यांचीच – “लसून नाय घातलेला. डबा भरून ठेवलाय.”

पेज चढवलं आणि सगळ्या जाहिराती आठवडाभर बंद केल्या, म्हणजे दुसरा रस्ता उरणार नाही. नवं पेज सर्चमध्ये यायलाच दिवस लागतात, वर यायला महिने. हे माझं रोजचं काम आहे, यात मी चुकत नाही.

दोन दिवसांनी बिनपैशाच्या सर्चचा रिपोर्ट उघडला. तेच वाक्य. त्यावर आमचं पेज एकदा दिसलं, पहिल्या क्रमांकावर. एक क्लिक. पेजवर थांबलेला वेळ – अकरा मिनिटं. वेळ तपासली, भरतीचीच होती.

काकूंना फोन लावला. जे दिसलं तेच सांगितलं. “काकू, आला होता.”

“किती येल व्हता?”

“अकरा मिनिटं.”

पलीकडे कुणीतरी मासळीचा भाव विचारत होतं, काकूंनी त्याला थांबवलं. मग म्हणाल्या, “मंग जेवला मानूस. दोन भाकरींना तेवराच येल लागायचा त्याना.” आणि फोन ठेवला. मी लॅपटॉपसमोर बसून रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर ते वाक्य एकदाही आलं नाही. जाहिराती पुन्हा सुरू आहेत, धंदा बरा चाललाय. बॉट, म्हणजे आपोआप क्लिक करणारा प्रोग्रॅम असेल, रिपोर्टची गडबड असेल, योगायोग असेल – तुम्ही कॉमेंटमध्ये लिहाल ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. बॉटला आंबोशी कशी ठाऊक, इथे मी अडकते. दर तीन महिन्यांनी साइट तपासणारं माझं टूल एक यादी देतं, त्यात हे पेज पहिलं असतं – कुणी येत नाही, काढून टाका. बाकीची पेजेस मी काढते, हे ठेवते.