औषधाचं नाव

मी मुळातच दीडशहाणा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार मिळतो, त्यामुळे नोकरीत ते खपून जातं. धाकट्या बहिणीच्या वेळी मात्र नडलं.

तिला कावीळ झाली होती. राजाजीनगरच्या घरून हॉस्पिटलात नेली तेव्हा भलतंच बडबडत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, लिव्हर झपाट्यानं निकामी होतंय. सलाइनमधून द्यायचं एक औषध आहे, खरं तर पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं. पण अशा पेशंटनाही आम्ही देतो. खात्री नाही, लवकर दिलं तर काहींना उपयोग होतो. सही करा.

सही करायची सोडून मी मोबाइल काढला, औषधाचं नाव टाकलं आणि तावातावानं बोललो, "हे या रोगाचं औषधच नाही. प्रयोग करताय का माझ्या बहिणीवर?" मग पुण्याच्या मित्राला फोन, त्यानं त्याच्या मेव्हण्याला. सकाळची दुपार झाली. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती.

शेवटी बाईंनी त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, "आधी काय दिलंत तिला? स्वल्प लवकर सांगा."

सांगावं लागलं. आठवड्यापूर्वी मीच तिला गाडीत घालून सीमेवरच्या आमच्या गावी नेलं होतं. तिथला एक म्हातारा काविळीवर झाडपाल्याच्या पुड्या देतो. कसला पाला ते सांगत नाही. सांगितलं की गुण जातो म्हणे. मीही विचारलं नाही. उलट पाया पडलो त्याच्या, आणि रोज उपाशीपोटी ताकातून माझ्या हातानं तिला पाजलं. "कडू आहे रे," म्हणायची. मी दटावायचो.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. तोवर बहीण हाकेला ओ देईनाशी झाली होती. तिसऱ्या दिवशी गेली.

सकाळीच सही केली असती तर वाचली असती का, हे बाईंनाही सांगता आलं नाही.

भेटायला येईल त्याला आई सांगायची, "भलत्याच रोगाचं औषध चढवलं हो पोरीला. हा ओरडून सांगत होता." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी मेल्यासारखा गप्प बसायचो.

परवा शेजारच्या अण्णांच्या नातीला कावीळ झाली. आई त्यांना त्या म्हाताऱ्याचा पत्ता देऊ लागली. तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, जाऊ नका. डॉक्टरांनी नाही, मी मारली तिला."

आई उठून आत गेली. तेव्हापासून ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही.