पैलवानाचा कान आणि बसऱ्याचा आजारी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मागाहून हसू येतं, पण आधी तापतंच.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी वाळवे तालुक्यातल्या एका ठाण्यावर जमादार होतो. माझं गाव खानदेशात, तापीकाठी. वडील गेले आणि पाचवीत शाळा सुटली. इतक्या शिक्षणावर मला लिहायच्या कामाला बसवलं ते आमच्या फौजदारसाहेबांनी. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण शिक्षण अपुरं या धास्तीनं मी स्टेशन डायरीतली एकेक ओळ तीनदा वाचत असे. चुकलो तर परत कुठं जायचं, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या त्या वर्षांत या भागात खाकी कपड्याला कोणी मनापासून पाणीही देत नसे.

एक दिवस मुंबईहून इंग्रजी पत्र आलं. साहेबांनी ते मला मराठीत सांगितलं. आष्ट्याजवळच्या एका गावचा माणूस इराकात बसऱ्याच्या गोदीत कामाला होता. ओझी उचलून त्याला अंतर्गळ झाला होता. तिथला डॉक्टर म्हणत होता, ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर माणूस जाईल. कंत्राटदाराच्या करारात परदेशी गेलेल्या मजुराला दवाखाना फुकट होता, काम होईना तर घरी परतीची बोटही होती. अट एकच, निघण्याआधी सांगलीच्या डॉक्टरनं तपासल्याचा कागद हवा. कागद होता. त्यावर फोटो नव्हता, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या होत्या. उजवा कान मोडलेला, डाव्या गुडघ्यावर मोठा व्रण. आजारी माणसाचा कान धड होता आणि गुडघाही. म्हणून कंत्राटदाराच्या तिथल्या कारकुनानं दवाखाना बंद केला आणि त्याच्या मुंबईच्या कचेरीनं आम्हाला लिहिलं, की हा तोतया दिसतो, खरा माणूस कुठं आहे त्याचा तपास करावा.

म्हणजे तिकडे एक जण गोदीच्या पत्र्याखाली विव्हळत पडलेला, आणि इकडे आम्ही त्याचाच मुडदा शोधायला निघालो.

गावात गेलो. पारावर चार शहाणी माणसं बसवून विचारलं, त्याच्या गुडघ्यावर व्रण होता का? पहिला म्हणाला, 'होता'; दुसरा म्हणाला, 'नव्हता'. पोलीस पाटलानं दोघांकडं बघितलं आणि माझी सोय व्हावी म्हणून सांगितलं, "थोडा हुता." पोलिसाला काय ऐकायचंय ते ओळखून तेवढंच सांगायचं, ही गावाची रीत. त्यात लबाडी कमी आणि आम्हाला लवकर वाटेला लावायची घाई जास्त.

त्याची बायको मात्र सरळ बोलली. तिच्याकडं शेजारगावच्या मजुराचं पत्र आधीच आलं होतं. नवरा आजारी आहे हे तिला माहीत होतं.

"आवं जमादार, नवऱ्याचा कान बायकूला ठावं नसंल व्हय? दोनी कान नीट हायती. ऐकत न्हाई ती गोष्ट येगळी."

मी तिचा जबाब घेतला. पण बायको खोटंही बोलेल, या शंकेनं वरून हुकूम आला, की विहिरी बघा. दोन दिवस आम्ही गळ टाकून दोन विहिरी ढवळल्या. एक घागर निघाली आणि एक नांगराचा फाळ. बाई दोन्ही दिवस काठावर उभी होती. आपल्या जित्या नवऱ्याला पाण्यात शोधणारे पोलीस तिनं निमूट बघितले. तिसऱ्या दिवशी ती चालत ठाण्यावर आली आणि तेव्हापासून रोज यायला लागली. रोज एकच प्रश्न, बसऱ्याला काय कळवलं? माझ्याकडं रोज एकच उत्तर, तपास चालू आहे. ते सांगताना मला लाज वाटे.

आठवड्यानं निनावी पोस्टकार्ड आलं. 'साहेब ज्या कानाच्या मागावर आहेत तो आष्ट्याच्या तालमीत रोज दंड मारतो.' लिहिणारा कुस्तीत हरलेला कोणीतरी असावा, असा माझा आजही अंदाज आहे.

पैलवान त्याच गावचा निघाला. उजवा कान मोडलेला, गुडघ्यावर व्रण. ठाण्यावर आणला. मी दरडावलं, तर गप्प. पुन्हा दरडावलं, तरी गप्प. साहेबांनी मला बाजूला केलं, चहा मागवला आणि कुस्तीचं विचारलं. कान कोणत्या फडात मोडला, गुडघा कशानं फुटला. पैलवान खुलला. अर्धा तास डाव सांगत होता. मग सांगून गेला, "लय नामी खूण हाय साहेब. सांगलीच्या डाक्टरनं बी लिवून घेतली."

"किती वेळा?" साहेबांनी चहाची बशी न ठेवताच विचारलं.

"पाच येळा." आणि मग त्याच्या लक्षात आलं. तरी त्याला राग आला तो डॉक्टरचा. "पाची बाजाराला मीच गेलतो, पर त्या बाबानं एकदा बी मान वर केली न्हाई."

गावातून पाच जण बसऱ्याला गेले होते. त्यांच्या तपासणीचे दिवस आले तेव्हा पेरणी चालू होती. पैलवान दर बाजाराला हळदीची गाडी घेऊन सांगलीला जायचाच. मग एका कागदासाठी वेगळा माणूस कशाला धाडायचा? गावात कोणी सांगलीला निघाला की शेजाऱ्याचं तेल, औषध, कोर्टाची तारीख विचारणं, सगळं त्याच्यावर सोपवायची पद्धत. त्यांनी छातीही सोपवली. मी कपाळावर हात मारला.

"अरे, तो आजारी होता म्हणून तुला धाडलं का?"

"छ्या! त्यो माज्यापेक्षा खणखणीत गडी. पर पेरणीचा वापसा आलता, शेत कसं सोडंल?"

आता खरी पंचाईत झाली. खरं लिहावं तर माणूस तोतया नाही हे ठरत होतं, पण कागद खोटा ठरत होता. खोट्या कागदावर दवाखाना कोण देईल? आधीपासूनच आजारी होता म्हणून दुसरा उभा केला, असंच तो कारकून म्हणणार. बाई दारात बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी वैतागून म्हणालो, "निघताना तो धडधाकट होता, याचा पुरावा आता आणायचा कुठून? एखाद्या शहाण्या डॉक्टरनं त्याला तपासलंय तरी का कधी?"

"तपासलाय की. पलटणीत," ती म्हणाली. "सुटून आला तवा बुक दिलंय. ट्रंकंत हाय."

पंधरा दिवस तपास, दोन विहिरी, बारा जबाब. गावात घरटी एक माणूस पलटणीत, म्हणून कोणाला ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी कान इचारला."

तासाभरात ती बुक घेऊन आली, लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं. बसऱ्याला जायच्या दोन महिने आधीचा लष्करी डॉक्टरचा शेरा होता, प्रकृती उत्तम, अंतर्गळ नाही. खुणांच्या रकान्यात लिहिलं होतं, पोटावर भाजल्याचे तीन जुने डाग. पोट दुखतं म्हणून लहानपणी आईनं दिलेले. साहेबांनी त्याच दिवशी मुंबईला तार केली, की पोट तपासा, तीन डाग असतील तर माणूस खरा, पत्र मागून येत आहे. पत्रात त्यांनी पैलवानाची हकिगतही लपवली नाही. फक्त शेवटी लिहिलं, की यात मूर्खपणा भरपूर आहे, पण आजार लपवलेला नाही. ते वाक्य मी आजवर कुठल्या रिपोर्टात पुन्हा बघितलं नाही.

सहा दिवसांनी तार आली. डाग जुळले होते, ऑपरेशन झालं होतं. मी ती तार बाईला वाचून दाखवली. तिनं ती उलटसुलट बघितली, पदराच्या टोकात बांधली आणि घरी गेली. बाकीच्या चौघांची बसऱ्यातच पुन्हा तपासणी झाली, चौघेही पास.

पैलवानावर तोतयेगिरीचा गुन्हा व्हायला हवा होता. पण तपासणी झाली सांगलीत, म्हणजे संस्थानच्या हद्दीत, आणि आमचं ठाणं इंग्रजी मुलखात. कागद तिकडं पाठवला. त्यांनी शंका काढून परत धाडला, आम्ही उत्तर देऊन पुन्हा पाठवला. असा दोन वर्षं तो प्रवास करत राहिला. मग संस्थानच विलीन झालं आणि कागद कुठल्या कपाटात गेला, देव जाणे.

तो कागद फिरत होता तेव्हाच, पुढच्या वर्षी, बसऱ्याचा माणूस बरा होऊन परतला. फाईल बंद करायला त्याचा जबाब हवा होता, म्हणून समन्स काढलं. ठरल्या दिवशी दारात पैलवान उभा.

"त्यो पेरणीत हाय जमादार. मी बाजाराला निघालोच हुतो, म्हणलं अंगठा मीच देतो."

मी त्याला काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. शेवटी मीच दौत, टाक आणि शाईचा पॅड घेऊन तीन मैल चालत शेतावर गेलो. त्यानं पेरणीची पाभर थांबवली, चिखलाचा हात धोतराला पुसला आणि अंगठा दिला. मी न मागताच त्यानं सदरा वर करून तीन डागही दाखवले. बाईनं बांधावर मला भाकरी दिली. खाकी कपड्यात असूनही त्या मुलखात मला कोणी बसवून जेवू घातलं, ते पहिल्यांदा. मग तिनं विचारलं, की तुमचं गाव इतक्या लांब, हितं आजारी पडलात तर तुमाला वळखून कोण सांगंल? हीच धास्ती मी कितीतरी वर्षं कोणाला न बोलता बाळगून होतो.

"आमी सांगू की," ती म्हणाली. "तुमी पैल्यांदी लय चुकीचं इचारता, ही तुमची खूण."

त्यानंतर कोणत्याही तपासात मी पहिला प्रश्न हाच विचारत आलो, की घरात ट्रंक आहे का, आणि तिच्यात काय आहे.