सुपेला पूल, खांब नंबर नऊ

ओमप्रकाश प्रेमलाला मारायचा तो सगळ्यांदेखत. आडोसा होता कुठे? जुनवानीकडची झोपडी पाडल्यापासून तीन वर्षं दोघं सुपेल्याच्या उड्डाणपुलाखाली, नवव्या खांबाशी राहत होती. येणारेजाणारे बघायचे आणि ‘मियां-बीवी का मामला है’ म्हणत पुढे सरकायचे.

प्रेमलाचा बाप गोंदियाकडून इथल्या पोलादाच्या प्लांटात ठेकेदाराकडे कामाला आलेला. तो गेल्यावर तिनं भाजीबाजारात कांदे निवडायचं काम धरलं. ओमप्रकाश पिऊन मारायचा, तसाच न पिताही मारायचा. त्यामुळे ती दारूला दोष देत नसे. मारून झालं की तो हसायचा. “जाएगी कहाँ? घर है तेरा?”

एका सकाळी, भाजीवाल्याशी हसून बोलली म्हणून, त्यानं विटेनं तिचं मनगट मोडलं.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालताना नर्सनं विचारलं, “गिर गई क्या?”

“गिरी नहीं. पति ने मारा. वही लिखो.”

तिथून ती थेट पोलीस चौकीत गेली. शेजारच्या खांबाची म्हातारी भीमाबाई न बोलावता सोबत आली.

हवालदार म्हणाला, “घर की बात है, घर जाकर सुलझाओ.”

“पहले घर दिखाओ साहब, फिर जाती हूँ.”

त्यानं नाइलाजानं कागद ओढला. “पता?”

“सुपेला पुल, खंबा नंबर नौ.”

“ये कोई पता है?”

“मारनेवाले को तो रोज मिल जाता है.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. प्रेमला बाकावर जाऊन बसली, हलेचना. भीमाबाई खालच्या आवाजात म्हणाली, “मले माफ कर पोरी. तीन वर्सं मी तिकडं तोंड करून बसत होती.”

“आता इकडं कर न,” प्रेमला म्हणाली.

दुपारी ठाणेदार बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, पत्ता सांगितला तसाच लिहिला. साक्षीदार म्हणून भीमाबाईनं अंगठा उठवला.

दोघी परतल्या तेव्हा ओमप्रकाश गोधडीवर पसरला होता. प्रेमलानं चांगल्या हातानं त्याची पिशवी ओढत फुटपाथवर नेऊन टाकली.

“ये जगह मेरी है. उठ.”

त्यानं हात उगारला. भीमाबाई मधे येऊन उभी राहिली. मग सातव्या खांबाची कांताबाई आली, तिच्यामागून आणखी दोघी. कुणी ओरडलं नाही. चौघी नुसत्या उभ्या होत्या, आणि या वेळी सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. त्यानं हात खाली घेतला, शिव्या देत पिशवी उचलली.

तो दोनदा परत आला. पुढे कोर्टानं हुकूम काढला: ती जिथे राहते, काम करते, तिथे त्यानं फिरकायचं नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा प्रेमलानं स्वतः पोलिसांना बोलावलं, आणि ते त्याला घेऊन गेले.

मनगट जरा वाकडंच जुळलं. सरकारी खोलीसाठीचा अर्ज दोनदा परत आला, तिनं तिसरा टाकलाय. ती अजून पुलाखालीच राहते.

पोलिसांनी त्याला नेल्यानंतरच्या रविवारी ऊन अंगावर आलं तरी ती झोपलेली होती. डोक्यावरून ट्रक धडधडत जात होते. भीमाबाईनं घाबरून हलवलं, “कावून वं, बरं नाई का तुले?”

“बरं हाय,” प्रेमला डोळे न उघडता म्हणाली. “झोपून राहिली मी. माही मर्जी.”