गिरण थांबवणारे डॉक्टर

आमच्या गुरुवारच्या डॉक्टरांइतका सावकाश माणूस अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. दर गुरुवारी ते माणगावहून एसटीने बोर्ली पंचतनला यायचे. खिडकीशी बसले की अशी तंद्री लागायची, की बोर्लीला उतरायचं राहून जायचं आणि स्वारी थेट दिवेआगरला. मग उलट गाडीने परत. ताटकळलेल्या पेशंटना म्हणायचे, "आज समुद्र बघून आलो." जणू काही ठरवूनच गेले होते! बाजारात माणूस ‘कसं काय?’ विचारतो आणि पुढे चालू लागतो. हे विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. मी बी.ए. होऊन आईच्या जागेवर सुकी मासळी विकायला बसलेली बाई, बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण एकदा ते माझ्या टोपल्यांपुढे येऊन "कशा आहात?" म्हणाले, मी "बरी" म्हटलं, तरी हलेचनात. शेवटी माझे गुडघे, माझी सासू, जवळ्याला लागलेली ओल, सगळं बाहेर आलं. स्वतः पक्के शाकाहारी, पण बोंबलांच्या वासात अर्धा तास उभे. टेकले बाई हात.

ते मनाच्या आजारांचे डॉक्टर. माझ्या टोपल्यांसमोरच पिठाची गिरण आहे, तिच्या माडीवर त्यांची खोली होती. दुपारच्या उन्हात तिथे पीठ तरंगत असायचं आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. खाली गिरणीची धडधड एवढी, की वर ओरडूनच बोलावं लागे. कुणाला त्याच्या आजाराचं नाव सांगायची वेळ आली, की डॉक्टर जिन्यातून डोकावून गिरण दहा मिनिटं थांबवायला सांगायचे. अशी गोष्ट ओरडून सांगायची नसते, हा त्यांचा नियम. गिरणवाला कुरकुरायचा, "डाक्टर, लोकं दळणाला खोळंबलीत हो." पण थांबवायचा.

व्हायचं काय, की गिरण थांबली रे थांबली की सगळ्या बाजाराला कळायचं, वर कुणाला तरी सांगतायत. माना जिन्याकडे वळायच्या. हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला वर्ष लागलं. आल्यावर उपाय काय केला? उगीचच गिरण थांबवायला लागले! नुसती झोप येत नाही म्हणून आलेल्यासाठी थांबव, औषध संपलं म्हणून आलेल्यासाठी थांबव. एकदा तर वर पेशंटच नव्हता, एकटेच बोरं खात बसले होते. त्यानंतर कुणाला काही ओळखता येईना, आणि गुरुवारी पीठही वेळेवर मिळेना.

मी ह्या सगळ्याला हसायचे. मग माझ्या धाकट्या भावाला, सुजितला, आवाज ऐकू यायला लागले. बोटीवर जाणारा हसरा पोर, तो म्हणायला लागला की दोन माणसं सारखी त्याच्याबद्दल बोलतात. बाजाराला कळू नये म्हणून दूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे त्याला बाहेर बसवून, दारातच घाईघाईने मला आजाराचं नाव सांगितलं. मी घाबरले. सुजितला म्हटलं, ह्या ताकदीच्या गोळ्या आहेत. त्याने मेडिकलवाल्याला विचारलं, गोळ्या खाडीत फेकल्या आणि माझ्या हातचं खाणं सोडलं. "ताई, तूपण त्यांच्यातलीच," म्हणाला. ज्याला मी घास भरवून वाढवला, तो माझ्या हातचं पाणी घेईना. फार रडले मी.

एका गुरुवारी तो टोपल्यांमागे बसला होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कसा आहेस?" आणि थांबले. सुजित टोपलीची कामटी उचकटत राहिला. मग बोलायला लागला आणि बोलत बोलतच त्यांच्याबरोबर जिना चढला. मी मागून धावत गेले नि डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी कोंबली: त्याला नाव सांगू नका, खचेल तो. त्यांनी ती सावकाश वाचली. "ही त्याला मी वाचून दाखवू, की तुम्हीच बोलताय?"

 मी चिठ्ठी परत घेतली आणि ताकदीच्या गोळ्या म्हणून खोटं बोलले होते, ते सुजितला माझ्या तोंडाने सांगितलं. सुजितने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग गिरण थांबली.

"आता काय ऐकू येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती दोघं. हसतायत."

"मला नाही येत. पण तुला येतं, हे खरं." मग त्यांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं हळू. "हा आजार आहे. तुझा दोष नाही, ताईचाही नाही. औषधाने पुष्कळांचे आवाज कमी होतात. तुझे किती होतील, ते मला आज माहीत नाही. आता मी काय सांगितलं, ते तू मला सांग."

सुजितने मोडकंतोडकं सांगितलं. मग विचारलं, "म्हणजे हे मला एकट्यालाच होत न्हाय?"

"ह्याच जिन्यावरून किती जण उतरलेत," डॉक्टर म्हणाले.

सुजित पहिल्यांदाच नीट श्वास घेतल्यासारखा बसला. जिना उतरताना त्याने माझ्या पिशवीतला पाव मागितला. मी दिला, त्याने तिथेच उभ्याने खाल्ला. दहाची वीस मिनिटं झाली होती, तरी त्या दिवशी गिरणवाला काही बोलला नाही.

आता डॉक्टर थकले, लेकीकडे लांब राहायला गेले. नवे डॉक्टर चांगले आहेत, वेळेवर येतात, गिरण थांबवत नाहीत, खिडकी लावून घेतात. सुजित गोळ्या घेतो, कधी कंटाळतो, पुन्हा घेतो. बोटीवर अजून जात नाही, माझ्याबरोबर जवळा निवडतो. परवा दुपारी वीज गेली नि गिरण थांबली, तर अख्ख्या बाजाराने सवयीने आवाज खाली आणला.

मी सुजितला विचारलं, "आता काय ऐकू येतंय?" इतक्या दिवसांत मला हे विचारायचं धाडस झालं नव्हतं. विचारलं, आणि थांबले.

"ती दोघं हायेत," हातातला जवळा खाली ठेवत तो म्हणाला. "पण लांब." मग माडीच्या बंद खिडकीकडे बघत राहिला. "आज गुरुवार ना, ताई? डॉक्टर आत्ता दिवेआगरला पोचले असतील."

मी म्हटलं, "असतील."