लेकीला लागू नये म्हणून

माझ्या बायकोच्या छातीवर, काखेत आणि मानेला गाठी होत्या. काही हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या. दुखायच्या नाहीत. एखादी फुटली की तुपासारखं यायचं आणि वास मारायचा. लग्न होऊन हैदराबादेत, काचीगुड्याला माझ्या खोलीत आली तेव्हा तिनं स्वतःच दाखवल्या. म्हणाली, "बघून घ्या. मागून म्हणू नका फसवलं." मी म्हणालो, "झाक आता, चहा टाक."

तिच्या आईलाही तशाच होत्या. ही लहानपणी आईच्या कुशीत झोपायची, तिच्या गोधडीत. भाऊ बापाजवळ झोपायचा. हिला झाल्या, भावाला नाही झाल्या. त्यावरून हिनं ठरवून टाकलं की हे अंगाला अंग लागून होतं. माणूस आपल्या घरात जे बघतो त्यावरच चालतो. मलाही ते पटलं होतं.

लेक झाली. अंगावरचं दूध सुटलं तशी हिनं पोरीला माझ्या बाजूला निजवलं. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, तेलाची बाटली वेगळी. पोर पडली, रडली, तर ही लांबून "उठ, उठ" म्हणायची आणि मला हाका मारायची. रविवारी पोरीला तेल लावून न्हाऊ घालायला शेजारची तेलुगू बाई यायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती आमच्याशी हैदराबादी हिंदीतच बोलायची. एकदा हिला म्हणाली, "तेरे हातां क्या बाजार कू गए?" ही हसली. हसून आत गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच.

पोर वयात आली ते दिवस मोठे वाईट होते. बाजार खुला झाला म्हणत होते सगळे. घरोघर केबलची वायर आली आणि कुकटपल्लीला माझ्या कारखान्यात माणसं कमी करायला लागले. माझं डोकं तिकडे. पोर उन्हाळ्यातही ओढणी गळ्याशी आवळून बसते हे मला दिसलं नाही, आईला दिसलं. तिनं ओढणी ओढली. गळ्याखाली दोन गाठी.

"माझा टॉवेल घेतलास?"

"नाही."

"गादीवर लोळलीस माझ्या? खरं सांग."

"नाही म्हटलं ना."

"मग लागल्या कशा?"

पोर म्हणाली, "तू मला जवळ कधी घेतलंस, लागायला?"

हिनं तिच्या थोबाडीत मारली. मग आपल्याच हाताकडे बघत राहिली.

त्या वर्षांत काचेच्या दाराचे नवे दवाखाने निघाले होते. तसल्या एकात चामडीच्या डॉक्टरकडे दोघींना नेलं. त्यानं दोघींच्या गाठी तपासल्या, आजीचं विचारलं. म्हणाला, "ये खानदानी है. चमडी के नीचे तेल की थैलियाँ. माँ के पेट में ही तय हो जाता है, दिखता बाद में है. किसी बच्चे को होता है, किसी को नहीं. कॅन्सर नहीं है. छूने से तो बिल्कुल नहीं होता." काढता येतात, पण नव्या येऊ शकतात, हेही सांगितलं.

हिनं मला मराठीत विचारलं, "मी जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं का, विचारा."

मी विचारलं. डॉक्टर हसला. "हाँ हाँ, क्यों नहीं." त्याला तो सोपा प्रश्न वाटला.

बसमध्ये मी म्हणालो, "चला, कॅन्सर तर नाही." ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दुखणं द्यायचं ते देऊन टाकलं. माया तेवढी राखून ठेवली."

त्या रविवारी तिनं अक्काला नको सांगितलं आणि स्वतः तेल घेऊन बसली. पोर समोर बसली, पण तिचे खांदे लाकडासारखे. केसाला हात लागला तशी मान पुढे गेली. "राहू दे आई, मी लावते." पोरीनं मुद्दाम नाही केलं. सवयच नव्हती. हिनं झाकण लावून बाटली फळीवर ठेवली. पुन्हा कधी बसली नाही. डॉक्टरच्या शब्दानं मागची वर्षं थोडीच परत येतात?

मागच्या साली किडन्या गेल्या आणि ही अंथरुणाला खिळली. लेक सासरहून बसनं यायची, पाठ पुसायची, लुगडं बदलायची. गाठींवरून फडकं फिरलं की ही म्हणायची, "हात धू ग साबणानं." सगळं ठाऊक असूनही. लेक म्हणायची, "आई, मला आहेतच की." आणि तशीच भाकरी खायला बसायची.

शेवटी शेवटी हिचं बोलणं बंद झालं. एका दुपारी लेक जायला उठली तर हिनं तिचं मनगट धरलं. जोर काही नव्हता, सहज सुटलं असतं. लेक परत खाली बसली. मग बाजूला आडवी झाली, त्या अरुंद खाटेवर, एवढी मोठी बाई. हिनं तिच्या गळ्याखाली हात ठेवला, गाठींवर. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. लेकीची बस गेली, मी काही हाक मारली नाही.

त्यानंतर ही आठवडाभर होती.